मेंदूची गाठ आणि नेम धरून मारलेले औषध

‘टार्गेटेड थेरपी’ हा शब्द आता मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांपुरता राहिलेला नाही. घरात कुणाला कर्करोग निघाला की आठ दिवसांच्या आत एखादा नातेवाईक विचारतोच, ‘ते नवीन टार्गेटेड औषध का देत नाहीत?’ मराठीत आपण त्याला लक्ष्यवेधी उपचार म्हणू, कन्नडमध्ये लक्ष्याला ‘गुरी’ म्हणतात. दोन्ही भाषांत हा शब्द तिरंदाजाच्या हातातला. नेम बरोबर बसला की काम फत्ते, असे ऐकणाऱ्याला वाटते. मेंदूच्या गाठीच्या बाबतीत मात्र नेम बसूनही काम न झाल्याचे प्रसंग गेल्या वीस वर्षांत वारंवार आले. ते का आले, आणि तरीही डॉक्टर नेहमीच्या उपचारांच्या जोडीला अशी औषधे का तपासत राहतात, हे समजून घेणे आपल्या हिताचे आहे. कारण निर्णय घ्यायची वेळ येते तेव्हा घरात रडारड चालू असते, शांतपणे वाचायला कुणाला सवड नसते.

मी डॉक्टर नाही. महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते आणि दरवर्षी मुलांना संख्याशास्त्राची तोंडओळख करून देते. सरासरी, मध्यक, नमुना असले कोरडे शब्द फळ्यावर लिहिताना वर्गातल्या शेवटच्या बाकावर जांभया सुरू होतात. त्याच शब्दांचा आमच्या घरात एवढा उपयोग होईल, असे मला वाटले नव्हते.

बाग सेवनियातले घर

माझी थोरली बहीण, आमची अक्का, लग्न होऊन भोपाळला गेली त्याला आता पस्तीस वर्षे होतील. दाजी मूळचे आपल्याच भागातले. त्यांच्या घरात आजी-आई कन्नड बोलायच्या, शाळा मराठी झाली आणि नोकरीमुळे आयुष्य हिंदीत गेले. निवृत्तीनंतर त्यांनी बाग सेवनियात छोटेसे घर घेतले. भोपाळचे एम्स तिथून अगदी जवळ आहे. ‘म्हातारपणी दवाखाना जवळ असावा,’ असे दाजी घर घेताना हसत म्हणाले होते.

२०२५ च्या उन्हाळ्यात दाजींना शब्द आठवेनासे झाले. चहाला पाणी म्हणायचे, भाच्याला दुसऱ्याच नावाने हाक मारायचे. एमआरआय झाला आणि मेंदूच्या डाव्या बाजूला गाठ निघाली. शस्त्रक्रियेनंतर तपासणीत नाव कळले, ग्लायोब्लास्टोमा. मोठ्या माणसांच्या मेंदूत उगम पावणाऱ्या कर्करोगांत हा सर्वांत नेहमी आढळणारा आणि सर्वांत चिवट.

शस्त्रक्रियेनंतर पहिल्या दोन दिवसांत दाजींना हिंदी बोलता येईना, मराठीही तुटक. पण नर्सने बोटे मोजायला सांगितली तेव्हा त्यांनी ‘ओंदु, एरडु, मूरु’ म्हणत दहापर्यंत मोजले. नर्सला काही कळेना, अक्का मात्र पदराने डोळे पुसत होती. आपल्यासारख्या दोन-तीन भाषांच्या घरांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. मेंदूच्या रुग्णाला कोणकोणत्या भाषा येतात आणि लहानपणीची भाषा कोणती, हे डॉक्टरांना आधीच सांगावे. बोलणे आणि स्मरण तपासताना त्याचा फार उपयोग होतो.

घरी आल्यावर पुढच्या उपचारांची चर्चा सुरू झाली. पुण्याच्या भाच्याचे म्हणणे ठाम होते. ‘मावशी, पैशांचा प्रश्न नाही. टार्गेटेड औषध जोडीला द्यायचंच. गावाकडचा प्लॉट विकू.’ अक्काने एकच विचारले, ‘त्याने हे जास्त दिवस राहतील का, ते मला सांगा.’ दोघांच्या मध्ये मी उभी होते. म्हणून मी वाचायला घेतले आणि डॉक्टरांना विचारायला लागले.

नेहमीचे उपचार कुठून आले?

ग्लायोब्लास्टोमाचे आजचे ठरलेले उपचार असे आहेत. आधी शस्त्रक्रिया करून जमेल तेवढी गाठ काढायची. मग साधारण सहा आठवडे, तीस वेळा रेडिएशन. भोपाळकडे लोक त्याला ‘सिकाई’ म्हणतात. त्या सहा आठवड्यांत रोज टेमोझोलोमाइड नावाची गोळी आणि पुढे दर महिन्याला पाच दिवस तीच गोळी, साधारण सहा महिने.

हे उपचारही एके काळी ‘जोडीला दिलेले नवे औषध’च होते. २००५ पर्यंत शस्त्रक्रिया आणि रेडिएशन एवढेच हाती होते. त्या वर्षी युरोप आणि कॅनडातल्या ५७३ रुग्णांच्या चाचणीचा निकाल प्रसिद्ध झाला. अर्ध्या रुग्णांना फक्त रेडिएशन आणि अर्ध्यांना रेडिएशनच्या जोडीला टेमोझोलोमाइड दिले होते. पहिल्या गटाचा मध्यक आयुष्यकाळ १२.१ महिने, दुसऱ्याचा १४.६ महिने. फरक अडीच महिन्यांचा, ऐकायला किरकोळ वाटतो. पण दोन वर्षांनी पाहिले तर पहिल्या गटात शंभरातले सुमारे दहा रुग्ण हयात होते, दुसऱ्यात सव्वीस. पाच वर्षांनंतर हे प्रमाण शंभरात सुमारे दोन आणि दहा असे होते.

इथे मध्यक म्हणजे काय ते सांगते, कारण डॉक्टरांच्या तोंडून हा आकडा ऐकून अनेकांचे पाय गळतात. शंभर रुग्ण आयुष्याच्या क्रमाने एका ओळीत उभे केले, तर ओळीच्या मध्यावरच्या माणसाचा काळ म्हणजे मध्यक. निम्मी माणसे त्याच्या पुढे उभी असतात. मध्यक म्हणजे मुदत संपण्याची तारीख नव्हे. अक्काला हे समजावून सांगितले तेव्हा तिने आठवडाभरात पहिल्यांदा नीट जेवण केले.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट कळली. गाठीतल्या एमजीएमटी नावाच्या जनुकाची अवस्था विशिष्ट असेल तर टेमोझोलोमाइड जास्त चालते. त्या रुग्णांत दोन्ही उपचार मिळालेल्यांचा मध्यक २१.७ महिने निघाला. म्हणजे एकाच नावाची गाठ प्रत्येकाच्या डोक्यात सारखी नसते, हे आकड्यांनी दिसले. तिथून पुढे टार्गेटेड औषधांची आशा वाढत गेली.

फोटो सुधारला, माणूस?

ही औषधे कशी चालतात? केमोथेरपी म्हणजे सबंध शेतावर फवारणी. वेगाने वाढणाऱ्या सगळ्याच पेशींवर ती पडते. टार्गेटेड औषध गाठीच्या एखाद्या खास गरजेवर नेम धरते. बेव्हासिझुमॅबचे उदाहरण घेऊ. भाच्याच्या मनात होते तेच हे औषध. वाढत्या गाठीला रक्त हवे असते, म्हणून ती व्हीईजीएफ नावाचे रसायन सोडून नव्या रक्तवाहिन्या ओढून घेते. शेजारच्या पाटाला फोडून आपल्या वाफ्याला पाणी घेणाऱ्या शेतकऱ्यासारखे हे चालते. बेव्हासिझुमॅब ते रसायन पकडून ठेवते. पाणी तुटले की पीक सुकेल, अशी ही कल्पना.

औषध दिल्यावर एमआरआयचे फोटो पाहून डॉक्टरही हरखून जात. गाठीचा पांढरा डाग लहान झालेला दिसे, सूज उतरलेली दिसे. मग नेहमीच्या उपचारांच्या जोडीला ते पहिल्यापासूनच द्यायचे का, हे ठरवण्यासाठी दोन मोठ्या चाचण्या झाल्या. दोन्हींत सगळ्या रुग्णांना रेडिएशन आणि टेमोझोलोमाइड होतेच. निम्म्यांना जोडीला बेव्हासिझुमॅब आणि निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली सलाइन दिली.

निकाल २०१४ मध्ये आले. ९२१ रुग्णांच्या चाचणीत फोटोवर गाठ पुन्हा वाढायला साधारण सहा महिन्यांऐवजी साडेदहा महिने लागले. आयुष्याचा मध्यक मात्र १६.८ विरुद्ध १६.७ महिने. अमेरिकेतल्या ६३७ रुग्णांच्या चाचणीतही तसेच, १५.७ विरुद्ध १६.१. फोटो चांगला राहिला, पण आयुष्य वाढले नाही.

याचे एक कारण फोटोतच आहे. एमआरआयच्या वेळी शिरेतून रंगद्रव्य देतात, ते गाठीच्या गळक्या रक्तवाहिन्यांतून झिरपते आणि तिथे पांढरा डाग दिसतो. बेव्हासिझुमॅब या वाहिन्यांची गळती कमी करते. गळती कमी झाली की डाग फिका पडतो, गाठीच्या पेशी तेवढ्याच राहिल्या तरी. छपराची गळती थांबली म्हणजे पाऊस थांबला असे नव्हे.

रुग्णाचे रोजचे जगणे कसे राहिले, यावर मात्र दोन चाचण्यांचे निष्कर्ष जुळले नाहीत. एकीत रुग्णांची तब्येत जास्त काळ टिकली आणि सूज कमी करणारी स्टेरॉइडची गोळी कमी लागली. दुसरीत औषध घेणाऱ्यांच्या स्मरणशक्तीच्या आणि विचारशक्तीच्या चाचण्या काळाबरोबर अधिक खालावल्या. रक्तदाब वाढणे, रक्ताच्या गुठळ्या होणे असे त्रासही औषधाच्या गटात जास्त होते.

म्हणजे औषध टाकाऊ आहे का? तसेही नाही. गाठ परत उद्भवते आणि मेंदूला फार सूज येते तेव्हा काही रुग्णांना त्याने दिलासा मिळतो. अमेरिकेत त्याला परत उद्भवलेल्या गाठीसाठी परवानगी आहे. दाजींच्या डॉक्टरांनी भाच्याला हेच सांगितले. ‘हे औषध कपाटात आहे. वेळ आली तर काढू. पण पहिल्या दिवसापासून जोडीला देऊन आयुष्य वाढतं, असा पुरावा नाही. प्लॉट त्यासाठी विकू नका.’

भाचा गप्प बसला. त्याला वाईट वाटले, हे दिसत होते. आपण वडिलांसाठी काहीतरी करतो आहोत, ही भावना माणसाला उभे ठेवते आणि तीच त्याच्याकडून कुणी काढून घेतल्यासारखे होते. त्यासाठी त्याने मग दुसरे काम शोधले. रेडिएशनच्या काळात तो पुण्याहून येऊन राहिला आणि रोज दाजींना घेऊन गेला.

एवढे नेम का चुकले?

बेव्हासिझुमॅब एकटे नाही. सिलेंजिटाइड नावाच्या औषधाने आधीच्या लहान चाचण्यांत आशा दाखवली होती. मग ५४५ रुग्णांची मोठी चाचणी झाली. २०१४ मध्ये निकाल आला तेव्हा औषध घेतलेल्यांचा मध्यक २६.३ महिने आणि न घेतलेल्यांचाही २६.३ महिने. मी हे कोष्टक वर्गात दाखवले तेव्हा मुलांना छपाईची चूक वाटली. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका चाचणीने तीन वेगवेगळी टार्गेटेड औषधे एकाच तुलना-गटाशी ताडून पाहिली. दोहोंनी गाठ वाढण्याचा वेग थोडा लांबवला, एकूण आयुष्य एकानेही वाढवले नाही. ‘कैगे बंद तुत्तु बायिगे बरलिल्ल’ असे आपल्याकडे म्हणतात, हाताशी आलेला घास तोंडात गेलाच नाही.

कारणे समजण्यासारखी आहेत. पहिले, मेंदूला स्वतःचा राखणदार आहे. रक्तातली नको ती द्रव्ये मेंदूत शिरू नयेत म्हणून रक्तवाहिन्यांचे अस्तर तिथे फार घट्ट असते. विषापासून आपल्याला वाचवणारा हा पहारा औषधालाही अडवतो. दुसरे, एकाच गाठीत अनेक जातींच्या पेशी असतात. एका जातीवर नेम धरला की दुसरी वाढते, शेतात एक तण काढले की दुसरे डोके वर काढते तसे. तिसरे, एक वाट बंद झाली की पेशी वाढीसाठी दुसरी वाट शोधतात.

काही ठिकाणी नेम चांगला बसलाही आहे. ग्लायोब्लास्टोमापेक्षा सावकाश वाढणाऱ्या एका प्रकारात आयडीएच नावाच्या जनुकात बदल असतो. त्यावर व्होरासिडेनिब हे औषध ३३१ रुग्णांत तपासले. या रुग्णांची शस्त्रक्रिया झाली होती, रेडिएशन मात्र अजून लागले नव्हते. २०२३ च्या निकालात गाठ वाढेपर्यंतचा काळ ११.१ महिन्यांवरून २७.७ महिन्यांवर गेला आणि २०२४ मध्ये अमेरिकेने त्याला परवानगी दिली. काही लहान मुलांच्या गाठीत बीआरएएफ जनुकाचा ठरावीक बदल सापडतो, त्यांच्यासाठीही दोन औषधांच्या जोडीला २०२३ मध्ये तिथे परवानगी मिळाली. यात एक धागा समान आहे. आधी गाठीची जनुकीय तपासणी, मग त्या बदलावरचे औषध. शेजारच्या रुग्णाला लागू पडले म्हणून आपल्यालाही पडेल, हा हिशेब इथे चालत नाही.

बेळगाव जिल्ह्यातली एक चाचणी

‘चाचणी’ म्हटले की आपल्या मनात शंका येते, पण एक मोठी चाचणी आपल्या दारात होऊन गेली आहे. २००२ ते २००५ या काळात बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत, बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या पुढाकाराने ती झाली. बाळंतपणानंतर अतिरक्तस्राव होऊन बायका दगावत. घरी किंवा उपकेंद्रात बाळंत होणाऱ्या १,६२० स्त्रियांपैकी निम्म्यांना मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या आणि निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या दिल्या. कुणाला कोणत्या मिळाल्या ते देणाऱ्या नर्सबाईंनाही ठाऊक नव्हते. अतिरक्तस्रावाचे प्रमाण शंभरात १२ वरून ६.४ वर आले. २००६ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये हा निकाल छापून आला आणि २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या उपयोगासाठी हे औषध आवश्यक औषधांच्या यादीत घेतले. आपल्या गावाकडच्या बायकांनी दिलेले हे उत्तर जगभरच्या बायकांच्या कामी आले.

दोन गट कशासाठी, ते यातून कळते. तुलनेचा गट नसता तर ‘औषध दिले आणि बहुतेक बायका बऱ्या राहिल्या’ एवढेच सांगता आले असते. औषध नसतानाही शंभरातल्या ८८ बऱ्याच राहत होत्या, हे कुणाच्या लक्षात आले नसते. कुणी कोणत्या गटात जायचे हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरते, म्हणजे धट्टेकट्टे रुग्ण एका बाजूला जमत नाहीत. ग्लायोब्लास्टोमावरच्या टार्गेटेड औषधांच्या ज्या चाचण्या वर सांगितल्या, त्यांत तुलनेच्या गटाला उपाशी ठेवलेले नव्हते. रेडिएशन आणि टेमोझोलोमाइड त्यांनाही पूर्ण मिळाले. ‘जोडीला’ या शब्दाचा अर्थ हाच आहे.

खारघरच्या गोळ्या

२०२५ च्या अखेरीस आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक बातमी फिरली. मेंदूच्या कर्करोगावर साध्या गोळ्यांचा शोध, तोही नवी मुंबईत! खारघरला टाटा स्मारक केंद्राची अ‍ॅक्ट्रेक ही संशोधन संस्था आहे. तिथल्या डॉ. इंद्रनील मित्रा यांच्या गटाचे हे काम. कल्पना अशी की मरणाऱ्या कर्करोग पेशींतून गुणसूत्रांचे बारीक तुकडे बाहेर पडतात आणि ते शेजारच्या जिवंत पेशींना अधिक आक्रमक करतात. द्राक्षांत असणारे रेस्व्हेराट्रॉल आणि अगदी सूक्ष्म प्रमाणात तांबे एकत्र दिले तर हे तुकडे नष्ट होतात. इथे नेम गाठीच्या पेशीवर नाही, तिने टाकलेल्या कचऱ्यावर आहे.

चाचणीत ग्लायोब्लास्टोमाचे २० रुग्ण होते. दहा जणांना शस्त्रक्रियेपूर्वी साधारण बारा दिवस दिवसातून चार वेळा गोळ्या दिल्या, दहा जणांना नाही. मग शस्त्रक्रियेत निघालेल्या गाठी सूक्ष्मदर्शकाखाली ताडून पाहिल्या. गोळ्या घेतलेल्यांच्या गाठीत आक्रमकपणाच्या खुणा कमी दिसल्या. आपल्या देशातल्या संशोधकांनी कमी खर्चाच्या पदार्थांवर केलेले हे काम कौतुकाचे आहे.

पण या चाचणीने मोजले काय? गाठीच्या तुकड्यातल्या खुणा. रुग्ण जास्त जगला का, हा प्रश्न तिने विचारलेलाच नव्हता. विचारण्यासाठी वीस माणसे पुरतही नाहीत. ते उत्तर मोठ्या चाचणीतूनच यायचे. सिलेंजिटाइडची गोष्ट वाचलेल्याला हे सांगावे लागत नाही. बातमी वाचून एका नातलगाने रेस्व्हेराट्रॉलच्या गोळ्यांची बाटली मागवून भोपाळला पाठवली. डॉक्टरांनी ती न देण्याचा सल्ला दिला. टेमोझोलोमाइड चालू असताना रक्त आणि यकृताच्या तपासण्या सतत कराव्या लागतात. मध्येच दुसरे काही घेतले तर बिघडले कशाने, हे कुणालाच सांगता येत नाही.

प्रयोगाची भीती आणि कागदावरची सही

बाग सेवनियातल्या शेजारणी अक्काकडे बसायला येत. एकदा चाचण्यांचा विषय निघाला तेव्हा एक वयस्क बाई म्हणाल्या, ‘दीदी, सोच-समझकर दस्तखत करना.’ भोपाळमध्ये या वाक्याला वजन आहे. डिसेंबर १९८४ च्या वायुकांडानंतर वायुपीडितांसाठी जे मोठे रुग्णालय उभे राहिले, तिथे पुढे औषधांच्या चाचण्या झाल्या. आपण चाचणीत आहोत हे अनेक रुग्णांना ठाऊकच नव्हते, असे आरोप झाले. इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाने देशभरातल्या अशा चाचण्यांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि २०१३ मध्ये न्यायालयाने सरकारला कडक शब्दांत जाब विचारला. त्यानंतर नियम कडक होत गेले आणि २०१९ मध्ये नवी औषधे व वैद्यकीय चाचण्यांची नियमावली आली.

आज चाचणीची नोंद सरकारी नोंदवहीत, म्हणजे सीटीआरआयमध्ये व्हावीच लागते. ही नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली आणि कुणालाही पाहता येते. नीतिसमितीची मंजुरी लागते. रुग्णाला समजेल अशा भाषेत माहिती देऊन संमती घ्यावी लागते. कन्नड बोलणाऱ्या आजीकडून इंग्रजी कागदावर अंगठा घेणे म्हणजे संमती नव्हे. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाईची तरतूद आहे. केव्हाही कारण न देता बाहेर पडता येते आणि त्यामुळे पुढचे उपचार अडवता येत नाहीत.

चाचणी मध्येच थांबवण्याची सोय हा यातला फार मोलाचा भाग आहे. टाटा स्मारक केंद्राच्या डॉ. तेजपाल गुप्ता यांच्या गटाचे उदाहरण बोलके आहे. मुलांच्या मेड्युलोब्लास्टोमा या गाठीचा एक सौम्य उपप्रकार आहे. त्यात मुलांच्या वाढीला अपायकारक ठरणारे सबंध डोके-पाठीच्या कण्याचे रेडिएशन टाळता येईल का, हे त्यांना पाहायचे होते. सात मुलांपैकी तिघांत आजार परतला. गटाने चाचणी तिथेच थांबवली आणि २०२२ मध्ये हा अपयशाचा निष्कर्ष प्रसिद्ध केला, म्हणजे दुसरीकडे कुणी त्याच वाटेने जाऊ नये. अशी थांबणारी आणि अपयश सांगणारी चाचणी विश्वासाला पात्र असते.

डॉक्टरांना काय विचारावे?

आमच्या अनुभवातून काही प्रश्न तयार झाले. कापून ठेवावेत असे वाटले म्हणून एकत्र देते.

१. गाठीचे नेमके नाव आणि जनुकीय तपासणी काय सांगते? शस्त्रक्रियेतल्या गाठीचा मेणात जपलेला ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड्स कुठे आहेत? पुढे कधीही लागतात, म्हणून त्यांची पावती जपा.

२. नेहमीचे उपचार पूर्ण मिळणार आहेत ना? नवे औषध त्यांच्या जोडीला आहे की त्यांच्याऐवजी?

३. हे औषध सिद्ध झालेले आहे की चाचणीत आहे? चाचणीत असेल तर सीटीआरआय क्रमांक कोणता?

४. आधीच्या निकालांत काय सुधारले? फोटो, गाठ वाढण्याचा काळ, एकूण आयुष्य, की रोजचे जगणे?

५. चाचणीत तुलनेच्या गटाला काय मिळते? आपण त्या गटात गेलो तर चालेल का?

६. किती वेळा यावे लागेल, राहण्या-जाण्याचा खर्च कोण करणार, घरापासून किती दूर?

७. त्रास कोणते होऊ शकतात आणि रात्री-अपरात्री फोन कुणाला करायचा?

८. रुग्णाला स्वतःला काय हवे आहे, हे कुणी विचारले का?

चौथा प्रश्न माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा, आणि आठवा सगळ्यांत विसरला जाणारा. आमच्याकडे तो अक्काने विचारला. दाजींना तोवर मराठी बऱ्यापैकी परत आली होती. ते म्हणाले, ‘चाचणी असली आणि मी बसत असलो तर नाव घाला. पुढच्याला उपयोग होईल. पण औषधासाठी मला या घरातनं लांब नेऊ नका.’ तपासले तेव्हा जवळपास त्यांना लागू होणारी चाचणी नव्हती. नेहमीचे उपचार पुरे करायचे ठरले. टेमोझोलोमाइडचे महिन्याचे फेरे चालू झाले, तीन महिन्यांनी फोटो काढायचा. निर्णय त्यांचा होता, त्यामुळे घरात नंतर वादही झाला नाही.

निर्णय अवघड वाटला तर दुसरे मत घ्यायला संकोच करू नये. टाटा स्मारक केंद्राच्या पुढाकाराने २०१२ मध्ये नॅशनल कॅन्सर ग्रिड हे देशभरच्या कर्करोग रुग्णालयांचे जाळे उभे राहिले, ते त्यासाठी कामाला येते. आपल्या भागातून मुंबई जशी जवळ, तसे बेंगळुरूही. तिथल्या किदवाई आणि निम्हान्स या संस्था मेंदूच्या रुग्णांसाठी मोलाच्या आहेत, आणि कन्नड येणाऱ्या घराला तिथे आपल्या भाषेत बोलता येते.

टार्गेटेड औषधांवर राग धरण्याचे कारण नाही आणि त्यांच्या नावाने शेत विकण्याचेही नाही. २००५ मध्ये निकाल आलेल्या चाचणीत ५७३ अनोळखी माणसांनी चिठ्ठीत नाव येऊ दिले, म्हणून आज निपाणीच्या किंवा अथणीच्या रुग्णालाही टेमोझोलोमाइड मिळते. तशीच उद्याची गोळी आज कुणीतरी घेऊन पाहत असेल. तिचा निकाल येईपर्यंत सिद्ध झालेले उपचार वेळेवर आणि पूर्ण घेणे आपल्या हातात आहे. कागदावर सही करण्याआधी तो आपल्या भाषेत वाचून घेणेही आपल्याच हातात आहे.